पस्तिशीनंतर औलाद हवी असेल तर वर्षं नाही, महिने मोजा

“लग्नाला पाच वर्षं झाली, अजून गोड बातमी नाही.” हे वाक्य आपल्याकडे शादीत, मय्यतीत, अगदी शाळेच्या स्टाफरूममध्येही सहज बोललं जातं. ऐकणारे लगेच सुनेकडे बघतात. पण ही पाच वर्षं मोजली कशी, हे कोणी विचारत नाही.

रत्नागिरी, रायगडकडच्या कितीतरी घरांत नवरा कुवेत, दुबई, कतार नाहीतर सौदीत नोकरीला असतो. वर्षातून एकदा महिना-दीड महिन्याची सुट्टी, काही कंपन्यांत तर दोन वर्षांतून एकदा. म्हणजे पाच वर्षांत नवरा-बायको एकत्र राहिले ते फार तर सहा-सात महिने. त्यात हैजचे दिवस, धाकट्या भावाचं लग्न, घराचं बांधकाम, कोणाचं तरी आजारपण. गरोदर राहण्याची संधी महिन्यातून एकदाच येते. त्या हिशेबाने या जोडप्याने पाच वर्षं नाही, पाच-सहा वेळा प्रयत्न केलाय, आणि त्यातलेही काही हुकलेले. पण बाईचं वय मात्र पुरी पाच वर्षं वाढलं. बत्तीसची होती, सदतीसची झाली.

सगळी गोम इथे आहे. प्रयत्न महिन्यांनी मोजायचे असतात आणि वय वर्षांनी चालतं. घरातले लोक नेमकं उलटं करतात. प्रयत्न वर्षांनी मोजून सुनेला बांझ ठरवतात, आणि वयाचा विषय निघाला की “अल्लाह देईल तेव्हा देईल, घाई काय” म्हणून गप्प करतात.

पस्तिशीत पहिल्या बाळाचा विचार करणाऱ्या बहिणी आता आपल्यात कमी नाहीत. मुली डी.एड., बी.एड., नर्सिंग, फार्मसी करतात, नोकरीला लागतात, धाकट्या भावंडांचं शिक्षण उचलतात, मग निकाह होतो. काहींचा पहिला संसार तलाक किंवा खुला होऊन मोडलेला असतो आणि छत्तिसाव्या वर्षी दुसरा निकाह होतो. काहींना पहिलं मूल आठ-दहा वर्षांचं झाल्यावर दुसरं हवं असतं. यात कोणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. शरीराचा हिशेब तेवढा माहीत हवा.

बाईच्या शरीरात नवीन बीज तयार होत नाही. जन्माला येतानाच मुलीच्या अंडाशयात साधारण दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन ते पाच लाख उरतात. सदतिसाव्या वर्षाच्या आसपास पंचवीस हजार, आणि पाळी जाते तेव्हा हजारभर. दर महिन्याला एकच बीज पक्व होऊन बाहेर पडतं, पण त्याच्यासोबत बाकीची कितीतरी आपोआप विरून जातात. गोळ्या घेतल्याने, पाळी उशिरा आल्याने किंवा बरीच वर्षं गर्भनिरोधक वापरल्याने ती साठून राहत नाहीत. आणि संख्येपेक्षाही मोठा प्रश्न त्यांच्या प्रतीचा. वय वाढतं तसं बीजातल्या गुणसूत्रांच्या वाटणीत गडबड होण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून गर्भ राहायला वेळ लागतो, आणि राहिला तरी पडण्याची शक्यता वाढते.

आकड्यांत सांगायचं तर विशी आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता चारात एक असते. चाळिशीला ती शंभरात पाच ते दहावर येते. एवढं वाचून कोणी घाबरून जाऊ नये, कारण दुसरा आकडाही आहे. युरोपातल्या शेकडो जोडप्यांच्या एका अभ्यासात, २००४ साली तो प्रसिद्ध झाला, असं दिसलं की ३५ ते ३९ वयाच्या स्त्रिया आठवड्यातून दोनदा संबंध ठेवत असतील तर शंभरातल्या साधारण ८२ जणींना वर्षभरात, म्हणजे बारा पाळ्यांत, गर्भ राहतो. विशीतल्या बायकांत हाच आकडा ९२ होता. फरक आहे, पण लोक समजतात तसा दरवाजा बंद झालेला नाही. अट मात्र नीट वाचा. आठवड्यातून दोनदा, बारा महिने. सुट्टीतले चाळीस दिवस नव्हेत.

महिन्यातले ते सहा दिवस

बीज बाहेर पडल्यावर फार तर एक दिवस टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि बीज सुटतो तो दिवस, असे सहाच दिवस कामाचे. त्यातही शेवटचे तीन सगळ्यात चांगले.

हे दिवस ओळखायचे कसे? “चौदाव्या दिवशी” हे उत्तर आपल्याला पाठ असतं, पण ते सगळ्यांना लागू नाही. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. ज्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांची, त्यांचाच चौदावा दिवस बरोबर येतो. बत्तीस दिवसांची असेल तर अठरावा. चोवीस दिवसांची असेल तर दहावा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्त नीट सुरू होतो तो दिवस, तिथून मोजायचं. सहा महिन्यांच्या तारखा एका वहीत लिहून काढल्या की अंदाज येतो. त्या दिवसांत खालून येणारा पांढरा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो. ही शरीराची फुकटातली खूण आहे आणि ती बऱ्यापैकी विश्वासाची आहे. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशनच्या पट्ट्याही मिळतात. पीसीओएस असणाऱ्यांना मात्र त्या पट्ट्या कधी कधी फसवतात.

या सहा दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवले तरी पुरे. “ताकद साठवायची” म्हणून नवऱ्याने आठ-दहा दिवस लांब राहायची गरज नाही, त्याने उलट शुक्राणूंची हालचाल मंदावते. तेल किंवा क्रीम वापरू नये, त्यात शुक्राणू नीट पोहत नाहीत. नंतर पाय वर करून झोपून राहणं वगैरे जे सांगितलं जातं, त्याचा नैसर्गिक गर्भधारणेत फायदा सिद्ध झालेला नाही.

आता एक गोष्ट आपल्या बहिणींसाठी खास, जी डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि आपण लाजेने सांगत नाही. तिशी उलटल्यावर पुष्कळ जणींची पाळी थोडी लवकर येऊ लागते. आधी एकोणतीस दिवसांची होती ती पंचवीस-चोवीसवर येते. म्हणजे बीज दहाव्या-अकराव्या दिवशीच सुटतं. अशा बाईला रक्त पाच दिवस आणि मग डाग लागणं आणखी चार दिवस, असं असेल तर ती नवव्या-दहाव्या दिवशी गुस्ल करणार. तोवर कामाचे दिवस जवळपास संपलेले. दोघं एकत्र राहतात, संबंध नियमित आहेत, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी दर महिन्याला संधी हातातून निसटते आणि कारण कोणालाच कळत नाही.

यावर उपाय दोन बाजूंनी शोधावा लागतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की एवढे दिवस डाग लागतो आणि तो थांबेपर्यंत आमच्यात संबंध चालत नाहीत. लांबलेल्या डागामागे थायरॉईड, पॉलिप, फायब्रॉईड असं काही असू शकतं आणि त्यावर इलाज आहे. काही वेळा बीज थोडं उशिरा सुटेल असं औषधही देता येतं. दुसरीकडे, मसला एखाद्या जाणत्या आलिमांना किंवा आलिमा बाईंना विचारा. हनफींमध्ये हैजची जास्तीत जास्त मुदत दहा दिवस धरतात, कोकणातल्या शाफई घरांत पंधरा. कोणता डाग हैजमध्ये धरायचा आणि कोणता नाही, यात बारकावे आहेत. काही बहिणी रक्त पूर्ण थांबल्यावरही निव्वळ सवयीने दोन दिवस जास्त थांबतात.

रमजानचंही तसंच. रोजाची मनाई सेहरीची वेळ संपल्यापासून इफ्तारपर्यंतची आहे, रात्रीची नाही. तरी कित्येक जोडपी तो अख्खा महिना सोडून देतात. ज्यांच्याकडे वर्षातले चार-पाचच महिने आहेत, त्यांनी हा महिना का गमवावा? फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सेहरीला घेता येते.

आखातातला नवरा सुट्टीवर येतो, त्याने तिकीट काढण्याआधी घरी एक फोन करावा आणि पाळीची तारीख विचारावी. पाळी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी तो पोहोचला तर पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीत दोन संधी मिळतात. चुकीच्या तारखेला आला तर एकच. कंपनी कधी सोडते ते आपल्या हातात नसतं हे खरं, पण जिथे आठवडा इकडेतिकडे करता येतो, तिथे ईद आणि लग्नाच्या तारखांसोबत ही तारीखही बघायला काय हरकत आहे.

तपासणी आधी कोणाची?

डॉक्टरांचा नियम साधा आहे. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष नियमित प्रयत्न करून मग तपासणी. पस्तीस किंवा जास्त असेल तर सहा महिने. चाळिशी ओलांडली असेल तर थांबायचंच नाही, सुरुवातीलाच भेटायचं. आणि पाळी अनियमित असेल, पूर्वी टीबी झाला असेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा नवऱ्याचं अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, तर कुठल्याही वयात आधीच भेटायचं. नवरा परदेशात असेल तर “सहा महिने प्रयत्न” व्हायला चार वर्षं लागतील. त्या जोडप्याने वाट पाहण्यात अर्थच नाही, तपासण्या पहिल्या सुट्टीतच करून घ्याव्यात.

आणि तपासणी दोघांची. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी कारणात नवऱ्याचा वाटा असतो, कधी पूर्ण, कधी बायकोसोबत. तरी आपल्याकडे काय होतं? सुनेच्या चार सोनोग्राफ्या होतात, नळ्या उघड्या आहेत का हे बघायची दुखरी एचएसजी होते, सहा-सहा महिने बीज वाढवायच्या गोळ्या दिल्या जातात, आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी झालेली नसते. ती कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होते, सुई टोचावी लागत नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत एवढंच पथ्य. लॅबमध्ये संकोच वाटत असेल तर नमुना घरून नेता येतो, मात्र तासाभराच्या आत आणि शरीराच्या उबेला धरून. हाताने नमुना काढण्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांच्यासाठी संबंधाच्या वेळी वापरायचा खास कंडोम असतो. तो आधी लॅबला विचारून घ्यावा. साधा कंडोम चालत नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात.

“माझ्यात काही कमी नाही” हे पुरुष कशावरून म्हणतात, तर संबंध व्यवस्थित होतात म्हणून. मर्दानगी आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संबंध उत्तम आणि शुक्राणू शून्य, असं होऊ शकतं. पहिल्या बायकोपासून मूल आहे हाही आजचा पुरावा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. त्याहून कमी आले तर बाप होणं अशक्य असं नाही, पण इलाजाची दिशा बदलते. एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचू नये, काही आठवड्यांनी परत करावा. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉईडसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तरी संख्या पडते.

शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून विमानातून उतरल्यावर तंबाखू सोडून त्या सुट्टीत उपयोग नाही. गुटखा, सिगारेट, हुक्का सोडायचा तो सुट्टीच्या तीन महिने आधी. सतत उष्णतेजवळचं काम, बेकरीची भट्टी, हॉटेलची किचन, याचाही परिणाम होतो, तेव्हा डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगावं. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणू जवळजवळ बंद करतात, हे तरुणांना कोणी सांगत नाही. आणि डब्यावर घटक न लिहिलेली “ताकदीची” माजूनं, भुकट्या, कुश्ते यांच्यापासून दूरच राहिलेलं बरं.

दुसऱ्या निकाहची गोष्ट काढणाऱ्या घरांना माझं एकच विचारणं असतं, मुलाचा रिपोर्ट कुठे आहे? दोष त्याच्यात असेल तर दुसरी येऊनही पाळणा हलणार नाही, फक्त आणखी एका मुलीच्या माथ्यावर तो शब्द लागेल. हजरत जकरिया अलैहिस्सलामांनी म्हातारपणी औलादसाठी स्वतः हात पसरले, बायकोला दोष दिला नाही. त्यांचा दाखला देऊन चाळिशीच्या बाईला “सबर कर” म्हणणारे एवढं विसरतात.

बायकोच्या तपासण्यांत साधारण थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन, एक सोनोग्राफी आणि एएमएच येते. एएमएच म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज. तो कमी आला तर “आता मूल होणार नाही” असा अर्थ नसतो, वेळ कमी आहे एवढाच असतो. नळ्यांची तपासणी नवऱ्याचा रिपोर्ट आल्यावर. आपल्या देशात गर्भाशयाच्या आणि नळ्यांच्या टीबीमुळे नळ्या बंद होणं हे मोठं कारण आहे, आणि त्यात खोकला येतोच असं नाही. माहेरी कोणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. चुलत-मामे भावंडांत निकाह झाला असेल तर दोघांनी थॅलेसेमियाची रक्ततपासणी गर्भ राहण्याआधीच करावी. फॉलिक अ‍ॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. साखर, फिटचा आजार किंवा थॅलेसेमिया असेल तर डोस डॉक्टर ठरवतील.

“नाहीच झालं तर आयव्हीएफ आहे” या भरवशावर थांबू नये. स्वतःचं बीज वापरून केलेल्या आयव्हीएफचं यशही बीजाच्या वयावरच ठरतं, मशीन ते वय कमी करत नाही. भारतात २०२१ च्या कायद्याने या उपचाराला वयाची मर्यादाही आहे, बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षं. सुन्नी उलमांचं सर्वसाधारण मत असं की निकाहात असलेल्या नवरा-बायकोचंच बीज आणि वीर्य असेल तर हा इलाज जायज, तिसऱ्या कोणाचं नाही. दवाखान्यात पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा, आणि सही करायचा प्रत्येक कागद वाचून घ्या.

गर्भ राहिला आणि पडला, हेही या वयात जास्त होतं. पस्तीस ते एकोणचाळीसमध्ये साधारण पाचात एक, चाळिशीनंतर तीनात एक किंवा जास्त. सुरुवातीच्या महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी बहुतेकांत गुणसूत्रांचाच दोष असतो. पाण्याची कळशी उचलली, एसटीने माहेरी गेली, कोणाची नजर लागली, यातलं काहीही त्याचं कारण नसतं. डाऊन सिंड्रोमची शक्यता पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक असते. म्हणजे चाळिशीतही शंभरातल्या नव्याण्णव बाळांना तो नसतो. अकरा ते तेरा आठवड्यांत एक सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून अंदाज घेता येतो.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना तारखांची ती वही न्या, जुने सगळे रिपोर्ट न्या, पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची नावं लिहून न्या. नवरा सोबत असावा. तो आखातात असेल तर तिथल्याच लॅबमधून तपासणी करून रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, आणि तो हातात आल्यावरच स्वतःच्या एचएसजीची तारीख घ्या.